आबांची शेवटची बैठक

डॉक्टर निघता निघता, एक पाय बुटात आणि एक बाहेर अशा अवस्थेत म्हणाले, "म्हाताऱ्यांना थंडी लागता कामा नये. छातीला तर अजिबात नाही." ते सहज म्हणाले. पण सूनबाईच्या कानात सहज म्हटलेलं काहीच सहज राहत नसे. तिचं बाळ सात महिन्यांचं होतं. त्याच्या आंघोळीच्या पाण्यात ती तीनदा कोपर बुडवून बघायची. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना हे बघायची, आणि चालू आहे असं दिसलं की इतका हळू का चालू आहे म्हणून घोर लावून घ्यायची. आता त्यात चौऱ्याऐंशी वर्षांच्या दुसऱ्या बाळाची भर पडली. तिने आबांच्या खिडकीच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या, दाराखाली गोणपाट लावलं, आणि आबांना इतकी पांघरुणं घातली की त्यांना शोधायचं तर आधी नाक शोधावं लागे.

आबा म्हणजे तिचे सासरे. गावात त्यांच्यापेक्षा मोठी शेतं चार-पाच जणांची होती, पण मका कधी पेरायचा हे आबाच ठरवत, आणि तेही बसून. बसून म्हणजे अगदी खरोखर बसून. हिवाळा सरत आला की एका सकाळी ते ओढ्यालगतच्या आपल्या शेतात जात, विजार सोडत आणि नांगरलेल्या मातीवर उघड्या अंगाने फतकल मारत. शंभर आकडे मोजून होईपर्यंत बसवलं, तर माती पेरणीजोगी तापली. त्याआधी उठावंसं वाटलं, तर नाही तापली. विशीत असताना त्यांनी एकदा घाईने पेरणी केली होती. सगळं बी गार मातीत कुजलं आणि घरच्यांनी त्यांना वर्षभर तेवढंच ऐकवलं. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं होतं: ज्या मातीत आपल्याला मिनिटभर बसवत नाही, तिथे बियाने महिनाभर का म्हणून बसावं?

हा कार्यक्रम बघायला, म्हणजे न बघायला, सगळा गाव बांधावर जमे. आबांचा हात विजारीच्या नाडीकडे गेला की गाव पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभा राही. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. पण साठ वर्षांत एकाही माणसाने मागे वळून पाहिलेलं नव्हतं. आबा उठत, नाडी बांधत आणि खाकरत. खाकरल्यावर गाव वळे आणि आबा एक तर "पेरा" म्हणत, नाही तर "अजून सहा दिवस" असं काहीतरी.

शेजारच्या शेतकऱ्याला हे सगळं पटत नसे. त्याला सगळे लगबग्या म्हणत, कारण तो स्वतःच्या लग्नालाही आदल्या दिवशी पोचला होता. दोन वर्षांपूर्वी त्याने मातीत खुपसायचा थर्मामीटर आणला, तो जपून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला, शेतात नेऊन मातीला टेकवला न टेकवला आणि ऊब दिसली म्हणून पेरून टाकलं. ती ऊब लगबग्याच्या अंगाची होती हे महिन्याभराने कळलं. त्या वर्षी त्याच्या शेतात मक्याऐवजी फक्त कावळे आले. थर्मामीटर तेव्हापासून त्याच्या गोठ्याच्या दाराला कडी म्हणून होता.

त्यामुळे या वर्षी आबा अंथरुणाला खिळल्यावर गावाची पंचाईत झाली. मागचं पीक बेताचं आलेलं, प्रत्येकाकडे एकाच पेरणीपुरतं बी. ते कुजलं तर दुसरं आणायचं कुठून? चार दिवस चांगलं ऊन पडलं होतं आणि लोकांचे हात शिवशिवत होते. एकेक जण आबांची तब्येत विचारायला येई आणि बोलता बोलता पलंगाखालच्या चपलांकडे बघे, की आबा त्या कधी घालणार.

आबा तर उतावीळच होते. पण सूनबाई दाराशी. नवरा पहाटेच दुधाची गाडी घेऊन निघायचा तो दुपारी यायचा, त्यामुळे आबांना घरात ठेवायचं काम तिच्यावरच पडलं होतं. सासूबाईंनी सुरुवातीलाच हात वर केले. म्हणाल्या, मी साठ वर्षं या माणसाला नाही म्हणून बघितलं, आता तू म्हणून बघ.

तिने बघितलं. पहिल्या दिवशी आबांनी रुसवा धरला. दुसऱ्या दिवशी सूप प्यायचं नाकारलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोर्टात उभं राहावं तसा मुद्दा मांडला.

"डॉक्टर काय म्हणाले? छातीला थंडी लागू द्यायची नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग मी काय छातीवर बसणार आहे?"

ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकली होती, माणसाच्या शरीराबद्दल तिला परीक्षेपुरतं ठाऊक होतं, पण याला उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तरी ती नाहीच म्हणाली. मग आबांनी मुद्दे बाजूला ठेवले. म्हणाले, पोरी, माझं जे व्हायचं ते या पलंगावरही होणार आहे. पण इथे झालं तर गावाचं बी जाईल.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. शेवटी सौदा ठरला. शंभर नाही, तीसच आकडे. वर तीन घोंगड्या, पायात लोकरीचे मोजे, पोटाशी गरम पाण्याची पिशवी. टोपी ती सांगेल ती. आबांनी सगळं मान्य केलं. फक्त बाळाची टोपी आपल्याला होत नाही एवढी हरकत घेतली, आणि ती खरीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, लगबग्याने खतं वाहायची ढकलगाडी धुऊन आणली. तीत गादी, गादीवर आबा, आबांवर घोंगड्या. बाळाला सासूबाईंकडे सोपवून सूनबाई गाडीच्या बाजूने चालू लागली. हातात थर्मास, काखेत जादा मोजे. गल्लीतून जाताना आबा दोन्ही बाजूंच्या लोकांकडे मान हलवत होते, जसे काही निवडून आलेत.

शेतात गाडी थांबल्यावर त्यांनी सगळ्यांना बांधावर पिटाळलं. सूनबाईलाही. मी धरते म्हणाली तर म्हणाले, गाडीचा दांडा आहे धरायला, तू जा, आणि तोंड तिकडे. घोंगड्या खांद्यांवर राहू देईन, वचन.

ती बांधावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मनात मोजू लागली. एक. दोन. तीन. चारला मागे गाडीचं चाक करकरलं. आणि झालं. बाळ झोपेत कुशीवर वळलं तरी शेजारच्या खोलीतून धावत येणारी बाई ती, तिची मान आपोआप फिरली. आबा पडत नव्हते. बांधाकडे डावी कूस करून, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने घोंगडी सावरत, घड्याळाचा काटा सरकावा तसे खाली जात होते. तिने तिथेच परत वळायला हवं होतं. पण ते नीट टेकेपर्यंत तरी बघावं, असं तिला वाटलं. ते टेकले. बसल्याबरोबर त्यांचे खांदे आखडले, दातांवर दात बसले, आणि त्यांनी स्वतःशीच नकारार्थी मान हलवली.

मग त्यांनी वर पाहिलं, आणि ती बघतेय हे त्यांना दिसलं.

सूनबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आबांनी डोळे वटारले. पण मुळात कामाचा माणूस. पाहिलंच आहे तर तेवढ्यात निकाल तरी घे, अशा हिशेबाने त्यांनी दोन्ही हात वर केले, अंगठे मिटले आणि आठ बोटं दाखवली. आठ दिवस. मग एक बोट गोल फिरवून तिला वळ म्हणून खुणावलं. आणि तसं खुणावताना त्यांना हसू फुटलं, आधी ओठाच्या एका कोपऱ्यात, मग पूर्ण. साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बघितलं होतं, आणि तेही घरातल्या सगळ्यात शिस्तीच्या माणसाने.

ती झटकन वळली. कानशिलं तापली होती. पाचपासून पुन्हा मोजू लागली. तीस झाले, खाकरणं आलं नाही. चाळीस झाले. तिला वाटलं, लबाडी करताहेत, शंभर गाठणार. साठला तिच्याच्याने राहवलं नाही. रस्त्याकडेच बघत ती मोठ्याने म्हणाली, "आबा, तीस कधीच झाले."

मागून काहीच आलं नाही. मग सगळेच वळले.

आबा गाडीच्या चाकाला पाठ टेकून बसले होते. घोंगड्या वचन दिल्याप्रमाणे खांद्यांवर होत्या, हात मांडीवर, आणि चेहऱ्यावर ते हसू तसंच. सगळ्यात आधी लगबग्या त्यांच्याजवळ पोचला, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी त्याला उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी सगळं उरकलं. गाव लोटला होता. लोक येत, सासूबाईंजवळ बसत आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत, काय भाग्याचं मरण, आपल्या मातीत, हसत हसत. सूनबाई चहाचे कप भरत होती आणि दर वेळी ते "हसत हसत" कानावर आलं की भरलेल्याच कपात पुन्हा ओतत होती. आपण नेलं नसतं तर, हा एक काटा. पहिल्यांदा वळलो तसंच बघत राहिलो असतो तर, हा दुसरा. आणि तिसरा काटा लगबग्याने आणून रोवला.

त्याने बाहेरच्या ओट्यावर बसून सगळ्यांना पटवून दिलं, की आबांनी जाता जाता कौल दिला. माती गार असती तर उघड्या अंगाने बसलेला माणूस हसला असता का? तुम्ही हसाल का? मी हसेन का? ऊब लागली म्हणूनच हसले. तेव्हा उद्या दुखवट्याचा तिसरा दिवस संपला की परवा सकाळी सगळ्यांनी एकदम पेरायचं, आबांच्या नावाने. एकाच्याही तोंडून हरकत निघाली नाही. लगबग्याचं म्हणणं आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना पटत होतं, आणि तो त्या आनंदात दोनदा रडला.

दुपारी नवरा गोठ्यात गाईला चारा टाकत होता, तिथे जाऊन तिने त्याला सगळं सांगितलं. आठ बोटं, मिटलेले अंगठे, सगळं. तो पेंढी हातात धरून थांबला.

"म्हणजे तू पाहिलंस?"

तिने मान खाली घातली. नवरा दोन दिवसांत पहिल्यांदा हसला, इतका की गाय बिचकली. मग गंभीर होऊन म्हणाला, आईला मात्र सांगू नकोस. तिने विचारलं, मग पेरणीचं? तो म्हणाला, मी सांगतो लोकांना, की आबा आदल्या दिवशीच आठ दिवस म्हणाले होते. तिला तेही पटलं नाही. आदल्या दिवशीच ठरलं असेल तर त्यांना थंडीत नेलं कशाला, असं पहिलं कोण विचारणार? लगबग्या. आणि खोटं बोलायचं, तेही आबांच्या नावावर, तेही त्यांनी मरता मरता दोन हात वर करून सांगितलेलं असताना. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. पण खरं बोलायचं म्हणजे भर बैठकीत म्हणायचं, की मी सासऱ्यांना उघडं बघितलं आणि तरी त्यांना जाताना बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेरची खोली माणसांनी भरली. बायका भिंतीकडे, पुरुष दाराकडे, सासूबाई आबांच्या खुर्चीत. लगबग्या उभा राहून कोणी कुठून पेरायला सुरुवात करायची ते सांगत होता. पहिलं मूठभर बी आबा बसले त्या जागी टाकायचं, असं म्हणून त्याने डोळे पुसले. लोकांनीही पुसले. सूनबाई बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. तिने बाळाची पाठ थोपटली, पुन्हा थोपटली, बाळ कधीचं झोपलेलं होतं.

"ते मातीला हसले नाहीत," ती म्हणाली. "मला हसले."

सगळी डोकी दाराकडे वळली. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. चाक करकरलं, मी वळले, त्यांनी मान हलवली, त्यांनी मला पाहिलं, त्यांनी बोटं दाखवली. आठ. माती गार आहे. मी परत वळले, म्हणून ते गेले तेव्हा मी बघत नव्हते. पण या शेवटच्या वाक्याकडे लोकांचं लक्षच नव्हतं. ते सगळे "मी वळले" या शब्दांशीच अडकले होते.

लगबग्या सावरायला वेळ घेणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, पोर घाबरलेली आहे, झोप नाही, अंगावर पाजतेय, शिकलेल्या बायकांना तर असं काही काही दिसतंच. साठ वर्षांत कुणी वळलं नाही ते ही का वळेल? घरंदाज सून आहे.

म्हणजे खोटी ठरली तर घरंदाज, आणि खरी ठरली तर पेरणी वाचली पण अब्रू गेली. सूनबाईने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या, डोळे बारीक करून, सुईत दोरा ओवताना बघतात तशा.

"खरंच पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

"ते पंचविशीत असताना बैलाने शिंग मारलं होतं. त्याचा वण अजून आहे. होता. कुठे?"

नवरा छताकडे बघू लागला. सूनबाईला घाम फुटला. पदवीच्या तोंडी परीक्षेत तिला असा घाम फुटला नव्हता.

"डावीकडे," ती म्हणाली. "आडवा. पानाच्या शिरेसारखा, एक फाटा वर गेलेला."

सासूबाईंनी लगबग्याकडे मान वळवली.

"पाहिलंय तिने."

आणि त्यांचे खांदे हलू लागले. सगळ्यांना वाटलं, बांध फुटला, आता रडतील. दोन बायका पुढेही सरकल्या. पण सासूबाई हसत होत्या, तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. "मेल्याने मला बजावलं होतं," त्या कशाबशा म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्याच पेरणीला, मागे वळलीस तर माहेरी पोचवीन. आणि हिला बोटं दाखवतोय!" मग भिंतीकडच्या बायका हसल्या, मग पुरुष, मग नाइलाजाने नवरा. दुखवट्याच्या घरातून आलेला तो आवाज ऐकून रस्त्यावरून जाणारी माणसं थबकली आणि पत्ता चुकला की काय म्हणून दाराकडे बघू लागली.

लगबग्या एकटा हसत नव्हता. तो बोटांवर हिशेब करत होता. शेवटी त्याने विचारलं, आठ म्हणजे त्या दिवसापासून आठ की त्याच्या दुसऱ्या दिवसापासून? सासूबाई म्हणाल्या, तू जा आणि विचारून ये त्यांना.

संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी आवरताना सूनबाईने मनातलं उरलेलं बाहेर काढलं. मी नेलं नसतं तर, असं ती म्हणाली. सासूबाई ताट पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, नेलं नसतंस तर ते पलंगावर गेले असते आणि मला वरून रोज टोमणे मारले असते. तुला नाही, मला. आणि दुसऱ्यांदा वळली असतीस तरी काय? त्यांनी पुन्हा बोट फिरवून तुला वळ म्हटलं असतं. त्यांनी ताट फडताळात उभं केलं आणि दुसरं उचललं. एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवशी सूनबाईने बाळाचं पाणी एकदाच कोपराने बघितलं. मग राहवेना म्हणून आणखी एकदा.

सहाव्या दिवशी सकाळी सगळं शिवार पांढरं झालेलं होतं. ओढ्याकाठचं गवत हिवाने पायाखाली कुरकुर मोडत होतं. लगबग्या आपल्या रिकाम्या शेतात उभा राहून बराच वेळ ते पांढरं बघत राहिला आणि मग त्याने आबांच्या घरी दोन हंडे पाणी भरून दिलं.

आठव्या दिवशी लख्ख ऊन होतं. गाव पोती घेऊन बांधावर आला आणि तिथेच अडला. आबांनी आठ म्हटलं हे खरं, पण ते आठ दिवसांपूर्वीच्या मातीवरून. मधे हिव पडलेलं. खात्री कोण करणार? सगळे एकमेकांकडे बघू लागले आणि मग सगळे मिळून नवऱ्याकडे. तो म्हणाला, माझं दुधाच्या गाडीचं काम, मला मातीतलं काय कळतं? सासूबाई म्हणाल्या, जिथून कळायचंय तिथे तू वडिलांवरच गेला आहेस, जा.

तो गेला. मान वर न करता ओळींतून चालत गेला आणि नाडीशी झटापट करू लागला. गाव रस्त्याकडे वळला. सूनबाईही वळली, तर सासूबाईंनी तिला दंडाला धरून पुन्हा शेताकडे फिरवलं.

"तू कुठे वळतेस? एकाने बघायचं, इथून पुढे. आणि बाळाला दे माझ्याकडे, दोन्ही हात मोकळे असू देत."

तिने बाळ दिलं आणि बघत उभी राहिली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि एकदाचा बसला. बांधावर सगळे पाठमोरे उभे होते. लगबग्याची मान दोनदा फिरता फिरता राहिली. शेवटी तो रस्त्याकडे बघतच पुटपुटला, "किती झाले?"

"चाळीस."

"चेहरा कसा आहे?"

सूनबाईने नीट निरखून पाहिलं.

"लाल," ती म्हणाली. "पण बसलाय."